कौलाच्या पोटावर

लुमाण्णा चिरे मोजतो ते असे:
ओंदु, एरडु, मूरु, हत्तूपर्यंत कन्नडात,
पुढे अकरा, बारा, तेरा.
शंभराला एक विडी.
माझ्या नकाशातले मिलिमीटर बघून
त्याला हसू येतं.

जांबोटीच्या अलीकडे, ओढ्याच्या वरच्या अंगाला,
पोरांना रान वाचता यावं म्हणून हे घर.
सिमेंट फक्त टाकीपुरतं.
बाकी चुना, हिरड्याचं पाणी, गूळ.
गुळाला मुंग्या लागल्या
आणि दोन दिवस काम त्यांनीच केलं.

मावळतीला मी मोठी खिडकी काढली होती.
"कशाला बाई? हितं पाऊस उभा येत न्हाई,
आडवा येतंय."
मी खिडकी खोडली, रबराचा चुरा फुंकला.
तिथला चिरा आता सगळ्यात जास्त लाल आहे.

वळचणीखाली चार बोटांची फट सोडली, वटवाघळांसाठी.
तपासणीच्या वहीत साहेबांनी लिहिलं:
फट राहिली आहे. त्वरित बुजविणे.

कौलं जुनी, पाडलेल्या एका शाळेची.
काथ्याने घासताना बिबीजान थांबली.
एका कौलाच्या पोटावर पाऊल:
चार बोटं, मागे गादी,
ओल्या मातीत सावकाश टेकलेलं.
"कुत्रं," ती म्हणाली.
"आणि नखं कुठं गेली?" शेवंता.
वनखात्याचा भरमा म्हणाला, रानमांजर.
त्याचा पोरगा म्हणाला, बिबट्याचं पिल्लू,
आणि कुणाचंच ऐकेना.
साठ वर्षांपूर्वी भट्टीवरचा राखणदार
बहुतेक झोपलेला असणार.

ते कौल लुमाण्णाने मधल्या खोलीवर लावलं,
खालून दिसेल असं.
उताणं झोपलं की नेमकं डोळ्यांसमोर येतं.

पाटी अजून लागलेली नाही.
वर कुठली भाषा, खाली कुठली,
अक्षरं केवढी,
यावर तीन बैठका झाल्या, चौथी आहे.
तोवर पोरं येतात, चपला काढतात,
थंड जमिनीवर पाठ टेकतात आणि भांडतात:
मांजर. बिबट्या. मांजर.

वहीतलं ते 'त्वरित' मी रोज वाचते.
चुना कालवायला सांगायचं
रोज राहून जातं.

आज सकाळी भिंतीच्या कडेला
काळे बारीक दाणे पडलेले,
जिऱ्याएवढे.
शेवंताचा झाडू तिथवर आला, थांबला.
तिने वर फटीकडे बघितलं.
"आल्यात बघ," हळूच म्हणाली,
"ऱ्हाऊ दे. मागनं झाडतो मी."