दोन बोटं माया

डिचोलीच्या बाजारात, चुन्याच्या दुकानाशेजारच्या गाळ्यात
सव्वीस वर्षं मी कमरा मोजल्या.
कोणाची कधी वाढली, कोणत्या बाळंतपणानंतर,
सगळं वहीत आहे. वही मी कोणाला दाखवत नाही.
फिलोमेना म्हणायची, शशीबाय, एक इंच खोटं लिही गे.
मी लिहायचे खोटं, कापायचे खरं.

माझी कमर त्या वहीत नव्हती.
दवाखान्यात डॉक्टर तळावलीकरांनी
माझ्याच गळ्यातली टेप काढून माझ्याभोवती फिरवली.
चौऱ्याण्णव.
म्हटलं, आमच्या इंचात सांगा.
सदतीस.
आणि उपाशीपोटी साखर एकशे चौदा.
"मधुमेह नाही," त्या म्हणाल्या, "अजून."
तो 'अजून' टेबलावर पडून राहिला
टाचणीसारखा, टोक वर.

मला वाटायचं चरबी म्हणजे भरणा,
उशीतल्या कापसासारखी, मुकी, जागा अडवणारी.
नाही म्हणाल्या. ती बोलते.
दिवसभर रक्तातून चिठ्ठ्या धाडते.

एक चिठ्ठी लेप्टिनची: पुरे, आता पानावरून ऊठ.
माझ्याकडून ती इतक्यांदा गेली
की वर डोक्यात कोणी उघडून बघेना,
जशी मी बघत नाही वीजखात्याची तिसरी सूचना.
दुसरी ॲडिपोनेक्टिनची. नाव घेताना जीभ अडते,
पण शहाणी हीच. ही स्नायूंना सांगते,
इन्सुलिन दारात उभं आहे, साखर आत घ्या.
आणि चरबीच्या पेशी जितक्या तट्ट फुगतात
तितका हिचाच आवाज बसतो.
मग बाकीच्या बोलतात, धुसफुसणाऱ्या,
आणि स्नायू घरात असून ओ देत नाहीत.

मांडीवरची त्यातल्या त्यात सोशिक.
पोटातली, आतड्यांना बिलगून बसलेली,
ती थेट यकृताच्या दारात पाझरते.
यकृत भांबावतं,
मी झोपलेली, उपाशी, आणि ते साखर वाटत बसलेलं.

स्वादुपिंड काय करतं हे मात्र त्यांना सांगावं लागलं नाही.
चवथीच्या आदल्या आठवड्यातली मी ती.
दुप्पट शिवायचं, रात्री दोनपर्यंत,
तरी गिऱ्हाईक दारात: झालं नाही?
मोटर तापल्याचा वास मला ओळखू येतो.

शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडाला
आमच्या धंद्यात माया म्हणतात.
बापाचा खाणीवरचा ट्रक उभा राहिला त्या वर्षी
आईनं उकड्या तांदळाची पेज पाच जणांत वाटली,
स्वतः वरचं पाणी प्यायली.
पुढं लागेल म्हणून राखायचं, हे मी तिथं शिकले.
राखत गेले. नेवऱ्या, दोदोल, उरलेला भात,
टाकवत नाही म्हणून.
लागलं कधीच नाही.
आता रागवू कोणावर?
मायाच तर आहे ती.

पंच्याहत्तर किलोतले चार-पाच उतरले
तरी चिठ्ठ्या पोचू लागतील, असं त्या म्हणाल्या.
चालता स्नायू तर इन्सुलिनचीही वाट बघत नाही.
मी विचारलं, म्हणजे कच्चा टाका?
त्यांना शिवण येत नसावं.
लांब लांब घातलेला पांढरा दोरा, बाई.
एक टोक ओढलं की सुटतो, कापडाला भोक राहत नाही.
वरून मशीन फिरलं की मग ब्लेड लागतं.

सकाळी पोदेराचा भोंपू वाजतो.
चार उंडे घ्यायचे, दोन घेते. एक म्हणणार होते,
पण इथं तरी खरं लिहिते.
मयेच्या रस्त्यानं चालते. कधी तळ्यापर्यंत,
कधी पुलावरूनच परत, गुडघ्याला दोष देत.

काल स्वतःसाठी ब्लाउज बेतला.
खडूची रेघ ओढली आणि हात थांबला,
माया किती सोडावी कळेना.
सोडली दोन बोटं, नेहमीसारखी.
बाजू मशीनवर घेतल्या नाहीत.
कच्च्या टाक्यावरच आहे, खुंटीला.