कूळ : पेन्सिलीने

कार्पोव्का गोठली की खिडकीच्या फटींत कापूस,
वर कागदाच्या पट्ट्या. तरी वारा येतोच.
अग्लाया निकितिच्ना मायक्रोटोमचं चाक फिरवते,
पात्यावरून मेणाची फीत सुटते,
केसाचा दहावा भाग एवढीच जाड.
"श्वास धर," ती मला म्हणते, "उडेल."
मी श्वास धरते.

मेणात आहे ऑगस्टमधली कारेलियाची दलदल.
गुडघाभर चिखलातून आणलेलं पांढरं फूल,
हिरवट शिरांच्या पाकळ्या,
पाच पुंकेसर, पण रोज एकच उठतो,
वाकतो, पराग सांडतो, बाजूला होतो.
दुधाच्या दुकानासमोर माणसं उभी असतात
तशी शिस्त.

त्याला नाव आहे, घर नाही.
एका ग्रंथात ते पाषाणभेदाच्या कुळात,
दुसऱ्यात माश्या खाणाऱ्या दवबिंदूच्या शेजारी,
तिसऱ्याने कंटाळून त्याला वेगळी खोली दिली.
नदीचं मूळ, ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
फुलाचं विचारावं लागतं; त्याचाच पगार मिळतो.
आणि पाकळ्यांना विचारून उपयोग नाही,
त्यांना माश्यांचं मन राखायचं असतं.
बीजांड कुणासाठी नटत नाही.

मी भिंगातलं कागदावर उतरवते.
पहिल्या काचेवर अंडाशयाच्या भिंतीला
नुसता उंचवटा, मच्छर चावल्यासारखा.
चौथ्या काचेवर त्याच्या कमरेला एक कडा फुटते.
हे आतलं आवरण. आतलं आधी.
मग त्याच्याखाली बाहेरचं.
दोन्ही वर सरकत जातात, आणि सरकता सरकता
सगळं पोर मान वळवतं, उलटं होतं,
तोंड आपल्याच देठाकडे.
टोकाशी एक फट तेवढी उघडी.
आत चार पेशी एका ओळीत.
तीन विरतात. एक उरते.
उरलेलीला कुणी जाब विचारत नाही.

इथे अग्लाया दर वेळी भिंगावरून डोळा काढते
आणि चष्मा पुसते, स्वच्छ असलेला.

"एकच आवरण असलेलीही असतात," ती सांगते,
"सूर्यफूल बघ, बटाटा बघ.
दोनांचं एक झालं असेल, नाहीतर एक हरवलं असेल.
पूर्ण वाढलेल्याकडे बघून कळत नाही.
अगदी लहान असताना बघावं लागतं."

मग खूप वेळ चाक फिरत राहिलं.
मग ती म्हणाली, फितीकडेच बघत :
"मला लाडोगाच्या बर्फावरून ट्रकमधून आणलं
तेव्हा अंगात दोन कोट होते.
आत माझ्या मापाचा. त्यावर कुणा मोठ्या बाईचा,
बाह्या दोरीने बांधलेल्या.
अनाथाश्रमाच्या वहीत तेवढंच लिहिलंय.
फेब्रुवारी होता म्हणून आडनाव फेव्रालेवा.
निकिता हा ट्रकचा ड्रायव्हर."

मला काही सुचेना. मी विचारलं,
"तो मोठा कोट कुठे आहे?"
"त्याचे तीन मुलांना हातमोजे झाले," ती म्हणाली,
"चांगले झाले. दोन हिवाळे टिकले."

पाच वाजता तिने यंत्र पुसलं,
पातं चामड्याच्या म्यानात घातलं.
माझ्या आकृतीखाली तिच्या बारीक अक्षरात :
आवरणं दोन. प्रदेह पातळ, एकाच थराचा.
बीजांड उलटं वळलेलं. आणि शेवटी
'कूळ' या शब्दापुढे तिने एक नाव लिहिलं,
पेन्सिलीने, दाब न देता,
मग त्यापुढे प्रश्नचिन्ह, शाईने.

खाली गार्डरोबमध्ये म्हाताऱ्या स्तेपानीदाने
आमचे बिल्ले घेतले, कोट आणून दिले.
अग्लायाचा करडा, कोपरावर रफू केलेला.
तिने तो माझ्यापुढे धरला नाही, मीच धरला,
आणि तिने मान वळवून
दोन्ही हात मागे केले, बाह्या शोधत.