बत्तीस फळ्या

पिंपात खिळा नसतो.
सरस नाही, स्क्रू नाही.
पांढऱ्या ओकच्या बत्तीस फळ्या,
कधी एकतीस, कधी तेहतीस, जशी रुंदी मिळेल तशा,
एकमेकींना खेटून उभ्या,
आणि बाहेरून पोलादाच्या सहा पट्ट्या.
वर्नन कंडिफ नव्या पोराला शिकवतो तेव्हा
आधी पट्ट्या काढून दाखवतो.
फळ्या फुलासारख्या उमलत नाहीत.
धाडकन पडतात.

मी इथली हिशेबनीस. केंटकीतल्या या शेडमध्ये
नखांत कोळसा नसलेली मी एकटीच.
मार्चमध्ये पट्ट्यांचं पोलाद महागलं. बाहेरचं महागलं जकातीनं,
आणि इथलं महागलं
बाहेरचं महागलं म्हणून.
एप्रिलमध्ये समुद्रापलीकडच्यांनी आमच्या बर्बनवर जकात बसवली.
मेमध्ये ती स्थगित.
जूनमध्ये स्थगितीची मुदत संपली.
तेव्हापासून मी वहीत पेन्सिलीनं लिहिते,
आणि खोडरबराचाही खर्च मांडते.

रविवारी ड्वेन येतो जेवायला, माझा धाकटा भाऊ.
नदीकाठच्या पोलादभट्टीत सोळा वर्षं होता,
मग भट्टी थंड झाली आणि तोही.
मी म्हटलं, हे आपलंच नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणं आहे.
त्यानं मक्याचा पाव मोडला, चवळीत बुडवला,
खाल्ला नाही.
म्हणाला, नाक तर माझं केव्हाच कापलंय, नॅडीन.
तेव्हा तुम्ही म्हणालात, स्वस्त मिळतंय.
स्वस्त म्हणजे काय गं?
स्वस्त म्हणजे कुणाच्या तरी ताटातलं.

मला उत्तर सुचलं नाही.
म्हणजे सुचलं, सोमवारी, गाडीत, सिग्नलला.
पण तिथे ड्वेन नव्हता.

सप्टेंबरात भट्टीतून फोन गेले. चाळीस जणांना.
ड्वेनला आला नाही.
तरी तो गाडी काढून पुलावर गेला,
चिमणीतून निघणारा धूर बघत उभा राहिला,
आणि मला फोटो पाठवला. नुसता धूर.
खाली एक शब्द: चालू.

त्याच आठवड्यात मी कोल्बीला पाकीट दिलं,
नवा पोरगा, बावीसचा, पट्टी ठोकायला हात नुकता बसला होता.
त्यानं विचारलं, माझं काही चुकलं का?
मी म्हटलं, नाही रे.
मग कुणाचं, असं त्यानं विचारलं नाही.
विचारलं असतं तर मी कुठल्या खिडकीकडे बोट दाखवणार होते?

बर्बनला पिंप एकदाच चालतं, हा कायदा.
रिकामी झालेली पिंपं आम्ही स्कॉटलंडला पाठवतो,
तिथे मोराग गेडिस ती वास घेऊन निवडते.
परवा तिचा फोन: तिच्या व्हिस्कीवरही इथे जकात,
म्हणून पिंपं निम्मीच हवीत.
मागे समुद्रपक्षी ओरडत होते.
आम्ही दोघी थोडा वेळ हवेबद्दल बोललो.

गोदामात चार वर्षांपूर्वी भरलेली पिंपं झोपलीत.
त्यांना काही कळवलेलं नाही.
दर उन्हाळ्यात त्यांच्यातलं थोडं हवेत जातं,
इकडे म्हणतात, तो देवदूतांचा वाटा.
देवदूत पावती देत नाहीत,
पण आज घेऊन उद्या स्थगितीही देत नाहीत.

संध्याकाळी वर्नननं एक नवं पिंप तपासलं.
गरम पाणी, मग हवेचा दाब, मग कान लावून बसणं.
सातव्या-आठव्या फळीच्या मध्ये बुडबुडा दिसला.
मी विचारलं, चूक सातवीची की आठवीची?
तो हसला. म्हणाला, ते पिंप सांगत नाही.
ते फक्त गळतं.
मग त्यानं लव्हाळ्याची एक काडी घेतली, ओली केली,
आणि फटीत दाबत राहिला,
दिवा लावायची वेळ होऊन गेली तरी.