गटिंग

धोबीतलावच्या मागल्या गल्लीत
ट्रॉफ्यांवर नावं कोरणाऱ्याला लागून माझं मशीन.
या कामाला अजून सगळे गटिंगच म्हणतात,
आतडं जाऊन जमाना झाला तरी.

वसुधा टिपणीस पहिल्यांदा आल्या तेव्हा
उजव्या कोपराला निळी पट्टी होती.
चहाचा ग्लास डाव्या हातानं उचलला त्यांनी.
रॅकेटमध्ये भाच्यानं भरून दिलेली पॉलिएस्टर,
काळी, कडक.
मी टिचकी मारली. म्हटलं,
"ही पोरासोरांची तार, बाई.
चेंडूचं सगळं भांडण मनगटात पाठवते."

मग मल्टिफिलामेंटचं रीळ काढलं,
तुकडा कापून ट्यूबलाइटखाली तिरका धरला:
हजारभर तंतू, केसाहून बारीक,
एकमेकांत पिळून चिकटवलेले.
"एकट्यावर कुणावर काही येत नाही यात."
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
नुसतं हुं केलं.
पन्नास पौंड म्हणाल्या. मी बावन्नवर ओढली,
न विचारता.
ही पहिल्या रात्रीच जरा सैलावते,
नव्या चपलेसारखी.

पाच बगिच्यांपाशी त्यांचं कोर्ट.
एका रविवारी दुसऱ्याच कुणाच्या रॅकेटा पोचवायला गेलो
आणि कुंपणाशी थांबलो.
सकाळचे सात, हवा ओल्या फडक्यासारखी.
आवाज ऐकत होतो मी, खेळ नव्हे.
पॉलिएस्टर वाजते टण्,
पत्र्यावर खडा पडावा तशी.
ही वाजत होती धप्,
उशीत कुणी मूठ मारावी तशी.
चेंडू तारांत क्षणभर बसतो,
आणि मग जातो.
लांब जातो.
पहिले चार फोरहँड बेसलाइनच्या पलीकडे,
पाचवा कुंपणावर, माझ्या कानाशी.
"अहो, ही माझं ऐकतच नाही!"
"अर्ध्या जोरात मारा."
त्यांनी मारला. आत पडला. मग पुन्हा.
तासाभरानं पाणी प्यायल्या,
बाटली उजव्या हातात.

खोटं कशाला सांगू, फिरकी फारशी देत नाही ही.
चेंडू घासून उचलला की उभ्या तारा सरकतात
आणि तशाच राहतात, वाकड्या.
दर पॉइंटनंतर बोटांनी सारख्या कराव्या लागतात.
वसुधाबाई ते करायच्या मान खाली घालून,
पलीकडे नाडकर्णी सर्व्हिसला खोळंबलेले असले तरी.
नाडकर्ण्यांना वाटायचं, मुद्दाम.
थोडं असेलही.

सहाव्या आठवड्यात तारेला लव आली.
आठव्यात मध्यावर पिंजारली,
जुन्या दोरखंडासारखी.
मी टिचकी मारली: बद्द.
मोजलं. एकेचाळीस.
"कापू?"
"नको. आत्ता कुठं जमतंय आमचं."
"चेंडू कुठंही जाईल, बाई."
"कुठं जातो ते मला माहीत आहे."
कात्री परत खणात टाकली.
त्या दिवशी दहा रुपयांचा धंदा नाही.

एप्रिलात रॅकेट माझ्याकडेच होती, ग्रिप बदलायला.
रात्री शटर अर्धं ओढलं
आणि आत एकच आवाज झाला.
चेंडू नाही, हात नाही,
खुंटीवर टांगलेली रॅकेट आणि दुकानातला उकाडा.
दिवा लावून पाहिलं. तंतू फुलून आले होते
दोन्ही टोकांना.
पॉलिएस्टर न सांगता तुटते.
हिनं महिनाभर सांगितलं,
आम्ही दोघांनी ऐकलं, आणि राहू दिलं.

फोन केला. पलीकडे भांडी वाजत होती.
"कुठली तुटली?"
"उभी. डावीकडून आठवी."
भांडी थांबली.
"तिच्यावरच घेत होते मी नाडकर्ण्यांची सर्व्हिस."
मग, जरा वेळानं:
"तीच भरा पुन्हा.
आणि ते वरचे दोन पौंड,
न विचारता ओढता ना तुम्ही,
ते या वेळी नका ओढू."