चार नंबर वसतिगृह, सोहार

सहा महिन्यांची पोरं येतात
पोलंडहून, कोरियाहून, अरबी शिकायला.
मी किल्ली देतो, सही घेतो,
गीझरचं बटण उलटं बसलंय ते खुणेनं सांगतो.
एकानं विचारलं, तुझं कितवं सेमिस्टर?
बोटं पुरली नाहीत. बाविसावं.

जाताना वजनकाट्यावर बॅग ठेवतात
आणि एकेक वस्तू काढत बसतात,
इस्त्री, भाताचा कुकर,
एकीनं तर छत्री. सोहारात!
मी ती उन्हाला धरतो.

दोनशे बारामध्ये वही सापडली,
अर्धी कोरी.
अक्षरं मला खेडच्या मक्तबपासून येतात,
अर्थ कुणी सांगितला नव्हता.
रात्रपाळीत पानं भरली.
बाब म्हणजे दार. मिफ्ताह, किल्ली.
कुर्सी म्हणजे
ही, जिच्यावर बसून मी लिहितोय.

काल तहसीनचा फोन,
अब्बा, निवड झाली, तुर्कस्तान, एक सेमिस्टर,
तेवीस किलोच नेता येतं, काय काय घेऊ?
स्वेटर म्हटलं. सोलं घे म्हटलं.
फोन ठेवल्यावर सुचलं ते उद्या सांगेन:
येताना बॅग जड झाली
तर वही तिथंच ठेव.
थोडी कोरी.