दोन कागदी पेले

क्रू गावच्या शाळेत, बुधवारी शेवटचे दोन तास,
मी वर्कशॉपच्या दारात उभी असते.
गळ्यात पाहुण्यांचं हिरवं कार्ड,
त्यावर घैसासचं झालंय गायसस.
एकतीस वर्षं रुळांच्या नकाशांवर सह्या केल्या;
त्यातली एकही कुणी इतकी निरखली नसेल
जितके हा ड्वेन माझे बूट निरखतो.
खरंच स्टीलचे आहेत?
फक्त पुढून, मी सांगते.

चौघांचा गट: ओटिली, तोबियाश, ड्वेन,
आणि तिमोरहून आलेली जासिन्ता,
जी खोडरबरसुद्धा खुणेनं मागते.
काम एवढंच: प्लायवूडच्या फळीवर
स्टेशनपासून हॉस्पिटलपर्यंत लाइन टाकायची,
मध्ये एक वळण, गाडीत एक किलो साखर.

पहिल्याच दिवशी विचारलं:
दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट,
वळणावर बाहेरच्या चाकाला चाल जास्त,
मग गाडी वळते कशी?
कड धरून ठेवते, तिघं एका सुरात.
बरोबर म्हटलं नाही, चूकही नाही.
चहाच्या मशीनचे चार पेले घेतले,
दोन बुडाला बूड लावून चिकटवले,
दोन तोंडाला तोंड.
समांतर धरलेल्या दोन फूटपट्ट्यांवरून सोडले.
पहिली जोडी वीतभर जाऊन पडली.
ड्वेननं टाळ्या वाजवल्या.
दुसरी डावीकडे कलली, उजवीकडे कलली,
मग दारुड्यानं घर ओळखावं तशी
सरळ झाली आणि टेबलाच्या टोकाला गेली.
पुन्हा, म्हणाली ओटिली.
अकरा वेळा पुन्हा.
बाराव्या वेळी जासिन्ता बोलली:
ते आपली चूक आपणच मोजतंय.

इतक्या वर्षांत मला हे असं
सांगता आलं नव्हतं.

पुढचे तीन बुधवार भांडणाचे.
ओटिलीनं गोंदाची बंदूक घरी नेली,
तोबियाशनं खर्चाचा कागद फाडला
आणि मग तोच सेलोटेपनं जोडत बसला.
चौथ्या बुधवारी चाचणी.
सरळ रूळ जिथे संपून वर्तुळ सुरू होतं
नेमकी तिथे गाडी उडाली.
फरशीभर साखर.
पेम्बर्टन सर काही न बोलता केरसुणी शोधायला गेले.

जासिन्तानं सांध्यावर बोट ठेवलं.
इथे सरळ रुळाला अजून माहीतच नाही
पुढे वळायचंय.

त्याचं नाव माझ्या जिभेवर होतं,
सूत्र होतं, कोष्टकं होती,
पानभर बोलता आलं असतं.
माझ्या भाषेत वळण लावतात,
अक्षराला, पोरांना, सगळ्यांनाच,
आणि लावणारा बहुतेक वेळा घाईत असतो.
एकदा मीही होते. पहाटेचे तीन, स्टॅफर्डच्या पुढे,
काम आटपून लाइन परत द्यायची वेळ,
आणि आठ मिलिमीटर मी चालेल म्हटलं.
चाललं. कुणाला काही झालं नाही.
तरी ते आठ मिलिमीटर
अजून खिशात खुळखुळतात.

म्हणून गप्प बसले.
तोबियाशनं पातळ स्टीलची पट्टी उचलली,
दोन टोकं दोन खिळ्यांत अडकवली
आणि मधून हात काढून घेतला.
पट्टी हळूच वाकली,
आधी नकळत, मग थोडी, मग पुरती.
चौघं तिच्यावर असे ओणवे झाले
जसं काही ती जागी होईल.
पेन्सिल ड्वेनच्या हातात होती.

आज पुन्हा चाचणी. साखर नाही;
पेम्बर्टन सरांनी बंदीच घातलीय.
वजन हवं, म्हणाला ड्वेन,
आणि माझ्या डाव्या पायाकडे पाहिलं.

मी एका मोज्यावर, थंडगार फरशीवर.
माझा बूट स्टेशनवरून निघाला,
वळणात शिरला, किंचित झुकला,
वळणातून बाहेर आला
आणि हॉस्पिटलच्या एक फूट अलीकडे
थांबला.

उतार, म्हणाली ओटिली.
चाकांना तेल, म्हणाला तोबियाश.
बूट जड आहे, म्हणाला ड्वेन.
जासिन्तानं वहीत काहीतरी लिहिलं,
दाखवलं नाही.

पुढच्या बुधवारी, घंटा वाजल्यावर चौघं एकदम म्हणाली.
बूट परत द्यायचं
कुणाच्याच लक्षात नव्हतं.