पाकीट बॉस्फरसमध्ये पडलं तेव्हा

सीगलला सिमिटचा तुकडा टाकायला नेजदेत वाकला
आणि पाकीट गेलं.
लिरा, कार्ड, त्याचा मिशीवाला जुना फोटो,
सगळं इस्तंबूलच्या पाण्यात.

सिवासची बस रविवारी. आज गुरुवार.
माझ्या पर्समध्ये एकशे चाळीस लिरा,
बोटीच्या पासात किती, ते पासालाच ठाऊक.

हॉटेलचा नाश्ता तेवढा फुकट.
ऑलिव्ह, चीज, तीन अंडी रुमालात बांधताना
वाढणारीनं पाहिलं.
चौथं अंडं तिनंच आणून ठेवलं.

मग राजवाडे बाहेरून बघितले.
"आत गेलं की लहान वाटतात," नेजदेत म्हणाला,
जन्मात एकाही राजवाड्याच्या आत न गेलेला.

गलाता पुलावर एका म्हाताऱ्याची बादली
चहा पिऊन येईस्तोवर सांभाळली.
त्यानं दोन बांगडे दिले.
शिजवायचे कुठे?
गल्लीतल्या मांजरांना जेवण घातलं आम्ही,
एकदम सुलतानी थाटात.

रात्री पुन्हा तीच बोट. पास वाजला, हुश्श.
मधोमध आल्यावर नेजदेत उठला,
कोटाची बटणं लावली, पाण्यात डोकावला:
"काय, बरा आहेस ना?"

कोणाशी बोलतोस रे?

"मिशीवाल्याशी.
त्याची मजा आहे,
त्याला कुठं रविवारी परत जायचंय."